जिन्याखालची हलगी

दौंडचा माझा एक मित्र आठवडाभर कोड पाडतो आणि वीकेंडला ड्रम बडवतो. त्याच्या खोलीत आम्ही छोटा स्टुडिओ थाटलाय: भिंतींना फोम, चार माईक, एक लॅपटॉप. वर्षभर एकच खूळ होतं, लेड झेपेलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधला जॉन बॉनमचा ड्रम. दरड कोसळावी तसा तो आवाज! प्लगइन लावले, सँपल विकत घेतले. छे! आमचा ड्रम म्हणजे हौदात पडलेला डबा.

मग वाचताना कळलं की १९७१ साली आलेल्या त्या गाण्यामागची युक्ती अगदी साधी होती. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी ड्रम मांडला आणि अँडी जॉन्स या इंजिनिअरने दोन माईक वर जिन्यात लावले. बास! मग कंप्रेसर आणि एक इको मशीन. कंप्रेसर मोठा ठोका दाबतो, त्यामुळे मागचा घुमारा वर येतो. म्हणजे आपण ड्रमबरोबर ते घरही ऐकत असतो.

हे वाचलं आणि मला तात्या आठवले. मित्राच्या शिरूरच्या मामांचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले, जन्मभर जत्रेत हलगी वाजवलेली. आता बोटं आखडतात. त्यांचं वाजवणं राहावं म्हणून आम्ही त्यांना दौंडला आणून रेकॉर्ड केलं होतं. माईक हलगीपासून वीतभर. एकदम क्लीन! हेडफोन काढून तात्या म्हणाले, "पोरांनो, हे कोण वाजवतंय?" ते चेष्टा करत नव्हते. जाम लागलं ते.

गेल्या रविवारी गाशा गुंडाळून शिरूरला मामांच्या वाड्यात गेलो. तात्यांनी हलगी शेकली आणि जिन्याखाली उभे राहिले. माईक वरच्या पायरीवर. दहा मीटर अंतर म्हणजे आवाजाला सुमारे २९ मिलिसेकंद. तेवढ्यात तो दगडी भिंतींना धडकून, लाकडात घुमून वर येतो. रेकॉर्डिंगमध्ये चिमण्या आल्या, एक मोटरसायकलही आली. तात्यांनी ऐकलं आणि नातवाला हाक मारली, "ये रे, ऐक, मी वाजवतोय."

जवळचा माईक वाईट असं नाही. नंतर एडिटिंगला तोच सोपा. पण आपण इंजिनिअर लोक क्लीनच्या नादात जागाच पुसून टाकतो आणि मग तीच जागा प्लगइनमधून विकत आणतो. गंमत आहे की नाही?

असो. बॉनम आम्हाला अजून जमलेला नाही :-) पण तुमच्या आजोळी जुना जिना असेल आणि बिल्डरशी बोलणी चालू असतील, तर तिथे कुणालातरी एकदा वाजवायला लावा. फोन वरच्या पायरीवर ठेवा. वाडा पडल्यावर तो आवाज परत मिळत नाही.