गाडीचा विमा उतरवला, पोराचे काय?



आडसाली, पूर्वहंगामी, खोडवा यांवर या पत्रिकेत पुष्कळ लिहून येते. आज आम्ही जरा वेगळ्या पिकाविषयी लिहिणार आहोत. घरात नुकतेच अठरावे पुरे झालेला आणि हाती मोटारीचा परवाना आलेला मुलगा किंवा मुलगी, हे ते पीक. आमच्या आंबीत सध्या ते जोमात आहे. एमआयडीसी आली, कुणाच्या जमिनी गेल्या, कुणाची पोरे कंपनीत लागली आणि जिथे बैलगाडी सोडलेली असायची त्या दारात मोटार उभी राहिली. गाडी बापाच्या नावावर आणि चाक पोराच्या हातात, असा घरोघरचा रिवाज झाला आहे.

परवाना आला की पेढे वाटले जातात, गाडीपुढे नारळ फुटतो. मग एखादा बाप आम्हांला पारावर गाठून विचारतो, "काय हो, पोराचं नाव इन्शुरन्समध्ये घालावं लागतं का?" एजंटाने त्याला आधीच सांगितलेले असते, "काही गरज नाही, दादा. इमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नसतो." एजंट खोटे बोलत नाही. पण तो अर्धेच बोलतो. उरलेले अर्धे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एजंटाचे खरे किती ते पाहू. इंग्लंडात मोटारीचा विमा काढताना चालवणाऱ्यांची नावे द्यावी लागतात, आणि पोरगा नवशिका असला तर हप्ता बापाच्या दुपटी-तिपटीने वाढतो. तो वाचवण्यासाठी खरा चालवणारा मुलगा असताना बापाचे नाव मुख्य चालक म्हणून लिहिणे ही तिकडे फसवणूक समजतात. आपल्याकडे तसे नाही. तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाचा हप्ता २,०९४ रुपये आणि हजार ते पंधराशे सीसीला ३,४१६ रुपये धरला होता. चालवणारा अठराचा की साठीचा, हे त्यात कुणी विचारत नाही. पॉलिसीवर लिहिलेले असते की, वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीने गाडी चालवू शकते. म्हणजे पोराच्या हातून रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली, तर विमा कंपनी त्याची भरपाई देते. संपूर्ण विमा असेल तर गाडीची दुरुस्तीही होते. इथवर एजंटाला आम्ही शंभर मार्क देतो.

आता आमच्या आळीतली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, वाचणारे ओळखतील. मुलाला परवाना मिळून दोन महिने झाले होते. गळिताचा हंगाम, रात्री नऊचा सुमार. तळेगावहून परत येताना समोरच्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले आणि कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसलीच नाही. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. गाडीचे बॉनेट गेले आणि पोराचा पाय मांडीत मोडला. देवाची कृपा, जिवावरचे पायावर निभावले. ट्रॉली आपल्याच एका सभासदाची. चार जाणती माणसे बसली, चहा झाला, "गावातलं गावात मिटवू" असे ठरले. पोलिसांत कुणी गेले नाही. ट्रॅक्टरचा विमा होता की नव्हता, हे विचारलेसुद्धा नाही.

विमा कंपनीने गाडीचे पैसे घसारा कापून दिले. पोराच्या पायाचा एक पैसा आला नाही. ऑपरेशन, सळई, चार महिने अंथरूण, सगळे खिशातून. बाप एजंटाकडे गेला तेव्हा एजंट म्हणाला, "दादा, तुम्ही गाडीचा इमा काढला होता, पोराचा कुठं?" त्या बापाचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही. पंधरा वर्षे बिनचूक हप्ता भरणारा हा माणूस. त्याला वाटत होते, घरात विमा आहे म्हणजे घरातल्या सगळ्यांचा आहे.

हे असे का होते, ते नीट समजून घ्यावे. मोटार कायद्याने सक्तीचा केलेला विमा हा रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे. चालवणारा स्वतःच्या चुकीने जखमी झाला किंवा गेला, तर तो परका नव्हे. सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ साली एक प्रकरण होते. उसनी मोटारसायकल घेऊन निघालेला माणूस, पुढे लोखंडी पत्रे लादलेली बैलगाडी अचानक थांबली आणि तो तिच्यावर आदळून गेला. न्यायालय म्हणाले, मालकाची गाडी मागून घेतो तो मालकाच्याच जागी बसतो. आणि दोष सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाखाली मालक स्वतःकडूनच भरपाई मागू शकत नाही. जुलै २०२५ मध्येही, स्वतःच्या बेदरकार चालवण्याने मेलेल्या माणसाच्या वारसांचा दावा नाकारणारा निर्णय त्याच न्यायालयाने कायम ठेवला. बापाची गाडी चालवणारा पोरगा नेमका याच कचाट्यात सापडतो. चूक समोरच्या वाहनाची असेल, तर त्याच्या विम्यावर दावा चालतो. पण त्यासाठी फिर्याद आणि पंचनामा लागतो. "गावातलं गावात" म्हणताना आपण पोराच्या हक्कावरच पाणी सोडतो. आळीतल्या त्या बैठकीत आम्हीही होतो आणि आम्हीही मान डोलावली, हे कबूल करतो.

मग कुणी म्हणेल, "पॉलिसीत पंधरा लाखांचा अपघात विमा आहे की!" आहे. २०१८ पासून ती रक्कम पंधरा लाख झाली. पण तो "मालक-चालक" विमा आहे. गाडी ज्याच्या नावावर, पॉलिसी ज्याच्या नावावर आणि परवाना ज्याच्या खिशात, अशा एकाच माणसासाठी तो आहे. त्यातही मृत्यू आणि कायमचे अपंगत्व एवढेच धरतात, मोडलेल्या पायाचा दवाखाना नाही. २०२० च्या एका निकालात मोटारसायकल उसनी घेतलेल्याच्या वारसांना मालकाच्या या विम्याचे एक लाख तेवढे मिळाले, तेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. त्याच्या भरवशावर कुणी राहू नये.

आता आपल्या घराकडे पाहा. गाडी आबांच्या नावावर, आणि आबांनी जन्मात चाक धरलेले नाही. त्यांना परवानाच नाही. म्हणजे तो मालक-चालक विमा आबांच्याही कामाचा नाही आणि नातवाच्याही नाही. काही घरांत तर गाडी वारलेल्या वडिलांच्या किंवा जुन्या मालकाच्याच नावावर फिरते. मालक वारल्यास तीन महिन्यांत वारसाने गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. जुनी गाडी घेतल्यास चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा. सात-बाऱ्यावर नाव लागावे म्हणून आपण तलाठ्याकडे खेटे घालतो, तेवढी काळजी गाडीच्या पुस्तकाची का घेऊ नये?

परवान्याचीही एक गोष्ट. "पोराकडं लायसन आहे" असे म्हणताना ते कशाचे, हे उघडून पाहा. नुसता दुचाकीचा परवाना मोटारीला चालत नाही. शिकाऊ परवान्यावर गाडी चालवताना पक्का परवाना असलेला शिकवणारा शेजारी हवा आणि गाडीला पुढे-मागे "एल" ची पाटी हवी. परवाना नसताना अपघात झाला आणि मालकाने जाणूनबुजून चावी दिली असे ठरले, तर कंपनी जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. तेव्हा ऊस नव्हे, रान विकावे लागेल. तसेच पावसाळ्यात लोणावळा स्टेशनावरून भुशी धरणापर्यंत पर्यटक पोचवून पोरे चार पैसे मिळवतात. कष्टाला आम्ही नावे ठेवत नाही. पण खासगी पॉलिसीच्या गाडीने भाडे मारले की पॉलिसीची अट मोडली.

आणि अठराच्या आतल्या पोराला चावी देणाऱ्यांना काय सांगावे? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मेले. कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे अशा वेळी पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

तर करावे काय? आमच्या मते पोराचे नाव गाडीच्या पॉलिसीत घालण्यापेक्षा पोराच्या नावाची पॉलिसी काढावी. स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा मोटारीत, मोटारसायकलवर आणि रानातही लागू पडतो. बँकेतून वर्षाला वीस रुपये कापून मिळणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना अठरा ते सत्तर वयाच्या सगळ्यांना आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख. ती घ्यावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. दवाखान्यासाठी घराच्या आरोग्य विम्यात पोराचे नाव आहे का ते पाहावे. २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची सरकारी योजना आली आहे, तीही लक्षात असावी. आणि गाडी रोज पोरगाच चालवत असेल, तर ती त्याच्याच नावावर करण्याचा विचार करावा. मग पंधरा लाखांचे छत्र त्याच्या डोक्यावर येते. "पोराच्या नावावर गाडी केली तर ते हाताबाहेर जाईल" ही भीती आम्ही ऐकली आहे. ज्याच्या हाती आपण चाक देतो, त्याच्या नावाला भ्यावे हे आम्हांला पटत नाही.

कारखान्याकडेही आमचे मागणे आहे. वार्षिक सभेच्या दिवशी मंडपात एक टेबल मांडावे. सभासदाने आपली पॉलिसी आणावी आणि जाणकाराने ती वाचून दाखवावी. आणि रिफ्लेक्टर व मागचा दिवा नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये. त्यात आपलीच ट्रॉली अडकली, तरी तक्रार करू नये.

काही वडीलधारे म्हणतील, परवान्याच्या पेढ्याबरोबर अपघाताचे अभद्र कशाला बोलता? बैलाला लस टोचताना आपण त्याचे मरण चिंतत नाही. पोराच्या बाबतीतच तेवढे तोंडाला कुलूप का? येत्या रविवारी कपाटातली पॉलिसी काढा आणि पोराला शेजारी बसवून त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. आळीतला तो मुलगा आता थोडा लंगडत पुन्हा गाडी चालवतो. त्याच्या खिशात परवान्यामागे आता त्याच्या स्वतःच्या नावाची पॉलिसीही असते.

कळावे.