पासबुकातली कपात आणि आपली सही



ऊस बिलातली कपात आपण पै-पैने तपासतो. पण तेच बिल बँकेत जमा झाले की पासबुक कोण उघडतो? दरसाल मे-जूनच्या सुमारास कित्येकांच्या खात्यातून 436 आणि 20 रुपये जातात. हे 2015 साली सुरू झालेल्या जीवनज्योती व सुरक्षा विम्याचे हप्ते. 2022 पर्यंत ते 330 आणि 12 होते.

विमा वाईट नाही. दोन्हींत 2-2 लाखांचे संरक्षण आहे. पण तो ऐच्छिक आहे. सहीशिवाय कपात नको, हे आमचे स्पष्ट मत. शिवाय एक खाते शहाद्याला, दुसरे तळोद्याला असेल, तर हप्ता दोनदा जाऊ शकतो. भरपाई मात्र एकदाच.

तेव्हा शाखेत जा, संमतीपत्र दाखवा म्हणा. नको असेल तर बंद करण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

आणि हवा असेल, तर एकाच खात्यावर ठेवा व घरात सांगून ठेवा. हप्ता गेला, माणूसही गेला आणि वारसाला विम्याचा पत्ताच नाही, असे व्हायला नको.