यंत्र आपले घर विसरते तेव्हा

मेहकरकडील एक भगिनी मागे आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा मुलगा आयटीआयमधून टर्नर होऊन खामगावच्या एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात सीएनसी लेथ चालवतो. दोन महिने लागोपाठ त्याचा पगार कापला गेला. टूल तुटले, जॉब वाया गेले, आणखी एकदा असे झाले तर कामावर येऊ नको, असे मालकाने बजावले. बाई म्हणाल्या, "भाऊ, पोरगं हलगर्जी नाही. तुम्ही एकडाव पाहून तर घ्या." आम्ही स्वतः लेथवर काही वर्षे घातलेली आहेत, म्हणून मालकाची परवानगी काढून एका रविवारी गेलो.

मुलाचे म्हणणे थोडक्यात असे होते, "काका, सकाळी माप बरोबर येते. लाइट जाऊन आली का कधी येते, कधी हुकते." आम्हाला वाटते, निम्मे निदान त्याने या वाक्यातच केले होते. पण कारखान्यात ते कोणी ऐकून घेतले नाही.

ज्यांनी असे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बहुतेक जुन्या सीएनसी लेथला वीज गेली की आपण कोठे उभे आहोत हे कळत नाही. वीज आल्यावर आधी त्याला 'होम' करावे लागते, म्हणजे एका ठरलेल्या जागी नेऊन उभे करावे लागते. त्या जागेपासूनच पुढची सगळी मापे मोजली जातात. घरच चुकले तर प्रोग्रॅम कितीही बिनचूक असो, टूल भलतीकडे जाणार. जेथे वीज वारंवार जाते तेथे होम वारंवार करावे लागते, आणि चूक होण्याची संधीही तितक्याच वेळा येते.

होम होते कसे? सरकता भाग घराच्या दिशेने वेगाने जातो. वाटेत 'डॉग' नावाचा लोखंडी ठोकळा लिमिट स्विच दाबतो आणि वेग कमी होतो. ठोकळा संपून स्विच सुटला की मोटरीच्या एन्कोडरकडून जी पहिली खूण येईल तेथे यंत्र थांबते. ही खूण मोटरीच्या दर फेऱ्याला एकदाच येते. म्हणजे स्विच नेमक्या खुणेच्या तोंडाशी सुटत असेल तर यंत्र कधी ही खूण पकडते, कधी पुढची. मोटर बॉलस्क्रूला थेट जोडलेली असेल तर फरक बरोबर एका पिचाचा पडतो.

आम्ही काय केले ते सांगतो, कारण हे कोणालाही करता येईल. मॅग्नेटवर डायल बसवून ती बेडवर पक्की केली. यंत्र होम केले, मग हँडव्हीलने टरेट हळूच डायलपर्यंत आणला आणि काटा शून्यावर आल्यावर पडद्यावरचा झेडचा आकडा वहीत लिहिला. असे दहा वेळा, दर वेळी एकाच दिशेने येऊन. दिशा बदलली तर स्क्रूतली ढिलाई मापात मिसळते. सात वेळा आकडा उणे १८० च्या आसपास आला, एक शतांश मिलिमीटर इकडेतिकडे. तीन वेळा उणे १७०! बॉलस्क्रूचा पिच १० मिलिमीटर. त्या तीन वेळा यंत्र एक खूण आधीच थांबले होते, आणि त्या अवस्थेत प्रोग्रॅम चालवला असता तर टूल १० मिलिमीटर जास्त चकाकडे गेले असते. टूल तुटण्याचे कारण वहीत लिहिलेले होते. यात पोराचा हात कोठे आला?

मेन स्विच बंद करून कव्हर उघडले. डॉगचा एक स्क्रू ढिला, आणि स्विचच्या रोलरभोवती कूलंटचा चिकट गाळ व बारीक चिप्स. (एअर गनने स्विच साफ करण्याची सवय आमच्या पोरांनी सोडावी. हवेने कचरा बाहेर न येता आत शिरतो.) गाळ ब्रशने काढला, रोलर मोकळा केला. मग डॉगची जागा अशी धरली की स्विच सुटल्यापासून खुणेपर्यंतचे अंतर पिचाच्या निम्मे, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर राहावे. फानुकच्या ०-आय मालिकेत हे अंतर निदानाच्या पानावर ३०२ क्रमांकाला दिसते. डॉग हलवल्यावर होमची जागा एखाद्या पिचाने बदलू शकते, म्हणून सगळे ऑफसेट पुन्हा घ्यावे लागतात. आम्ही ते घेतले, पुन्हा दहा वेळा होम केले, दहाही वेळा आकडा जुळला.

प्रत्येक ठिकाणी हेच कारण असेल असे नाही. फरक किती पडतो हे आधी पाहावे. दोन-चार शतांशाचा असेल आणि कधी अधिक कधी उणा होत असेल तर मोटर व स्क्रूमधले कपलिंग आणि स्क्रूचे बेअरिंग तपासा. एक्सवर ही ढिलाई व्यासात दुप्पट दिसते. फरक एकाच दिशेने वाढत जात असेल तर कपलिंग घसरते आहे किंवा उष्णता आहे. पोलादाचा एक मीटर दांडा दर अंशाला ११ ते १२ मायक्रॉन वाढतो, तेव्हा आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळचे आणि दुपारचे माप वेगळे येणारच. नुसत्या स्विचवर होम होणाऱ्या, नंतर सीएनसी केलेल्या जुन्या लेथवर होमचा वेग कमी करून पाहावा. बॅटरीवर जागा लक्षात ठेवणाऱ्या नव्या यंत्रांत मात्र बॅटरी कंट्रोल चालू असतानाच बदलायची. बंद करून बदलली की जागा गेली.

आणि लाइट आल्यावर पहिला जॉब नेहमी सिंगल ब्लॉकवर, रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून चालवावा. मिनिटभर वेळ जातो.

वही आम्ही मालकापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मुलाला कामावर ठेवले आहे. आता लाइट जाऊन आली की तो होम करून आकडा, वेळ व तारीख लिहितो, आणि पाळी बदलताना दुसऱ्या ऑपरेटरची सही घेतो. कापलेल्या पगाराचा विषय आम्ही काढला तेव्हा "पाहू" एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या महिन्याच्या पगाराच्या दिवशी आम्ही पुन्हा खामगावला जाणार आहोत.