बाळाचा केक, बापाचा हप्ता

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या खेड्यापाड्यांतून एक नवा सण सुरू झाला आहे. त्याची तिथि पंचांगांत सांपडत नाहीं. ज्या घरांत लेकरूं एक वर्षाचें झालें, त्या घरीं तो येतो. चावडीसमोर लेकराच्या फोटोचा फ्लेक्स लागतो, दारांत मंडप पडतो, तालुक्याहून दोन मजली केक येतो, फुग्यांची कमान उभी राहते. आणि रात्रीं सगळें आटोपतें तेव्हां ज्याच्यासाठीं हा खटाटोप केला तें लेकरूं आईच्या खांद्यावर केव्हांच झोपलेलें असतें. या नव्या सणाविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें. कांहीं वाचक रागावतील हें आम्ही जाणतों. पण राग आला तरी घरच्या माणसानें बोलायचें तें बोलावेंच.

पहिली गोष्ट ही कीं, गरिबानें आनंद करूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. गांवांतील साठी ओलांडलेल्या माणसांचे कागद काढून पाहा. कित्येकांचा जन्म १ जूनचा निघतो. ते सगळे त्या दिवशीं जन्मले असें नव्हे. शाळेंत नांव घालतांना गुरुजींनीं जन्मतारीख विचारली, बापानें ‘दुष्काळाच्या साली, पेरणीच्या सुमारास’ असें सांगितलें, आणि गुरुजींनीं १ जून लिहून टाकलें. ज्या घरांत लेकराचा जन्म टिपून ठेवण्याइतकी सवड नव्हती आणि अक्षरही नव्हतें, त्या घरांत आज आई मुलाची तारीख, वार, वेळ बिनचूक सांगते आणि त्या दिवसाची वाट पाहते. ही चांगली गोष्ट आहे. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर वांकडें तोंड, हा जमाना फार मागें पडलेला नाहीं. अशा ठिकाणीं मुलीचाही पहिला वाढदिवस होऊं लागला, ही तर त्याहून चांगली गोष्ट.

दुसरी गोष्ट, काटकसरीच्या उपदेशाची. पोट भरलेल्यानें उपाशी माणसाला ‘जपून खा’ म्हणून सांगावें, हा धंदा जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे व वह्या ओढून जाळल्या, आणि तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरलें. तेव्हांही शहाणे लोक म्हणत होते कीं, कुणबी लग्नकार्यांत पैसा उधळतो म्हणून बुडतो. सरकारी चौकशी कमिशननें हिशेब तपासले, तेव्हां निराळेंच निघालें. लग्नखर्चाचा बोभाटा वाजवीपेक्षां अधिक झाला आहे, तो खर्च कर्जांत भर घालतो खरा, पण कर्जाचें मूळ क्वचितच त्यांत असतें, असें कमिशननें नमूद केलें. म्हणून केकामुळें आमचा शेतकरी बुडतो असें कोणी म्हणेल तर तें खोटें आहे. कांद्याचा भाव पडतो, सोयाबीन पाण्यांत जातें, ऊसाचें बिल लांबतें, त्यानें तो बुडतो. परंतु बुडत्या माणसानें आपल्याच हातानें पायाला आणखी एक धोंडा बांधून घ्यावा काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट, केक परका म्हणूनही आमचा त्याच्यावर राग नाहीं. मिरची परमुलखांतून आली, बटाटा आला, पाव आला. आणि आज मिरचीवांचून आमचा ठेचा होत नाहीं. उलट जावळाला बोकड कापून, भावकी जेवूं घालून कर्जांत गेलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि ती चाल तर आमची स्वतःची होती. तेव्हां जुनें तें सोनें आणि नवें तें पितळ असा हा वाद नाहीं. वाद आहे तो केकाच्या आकाराचा, आणि तो आकार कोण ठरवतो याचा.

एक उदाहरण सांगतों. गेल्या वैशाखांत आमच्या आळींतल्या एका सुताराच्या मुलाचा पहिला वाढदिवस झाला. माणूस हाताचा कसबी, सुपारीचेंही व्यसन नाहीं. नांगर-कुळवाचें काम ट्रॅक्टरनें नेलें, तेव्हांपासून दारें-खिडक्या आणि पलंग करून तो घर चालवतो. मागल्या वर्षीं त्याच्या मेहुण्याच्या घरीं तीन किलोचा केक आला होता, म्हणून याच्या घरीं चार किलोचा आला. दोन थरांचा, वर साखरेचा सिंह बसविलेला. नुसता केकच साडेचार हजारांचा. पण मोठा केक कधीं एकटा येत नाहीं. एवढा केक चौघांत कापायचा कसा? म्हणून मंडप आला, मंडप भरायला माणसें आलीं, माणसांना जेवण आलें, आणि हें सगळें गांवाला कळावें म्हणून फ्लेक्स आला. मिळून बत्तीस हजार झाले. त्यांतले वीस हजार बायकोच्या नांवावर गटाच्या फायनान्समधून उचललेले.

केकावर लावलेली फुलबाजी सरसरूं लागतांच लेकरूं दचकलें आणि जें रडूं लागलें तें थांबेना. सुरी धरायला त्याचा हात पुढें केला, तो त्यानें ओढून घेतला. निम्मा केक पोरांनीं एकमेकांच्या तोंडाला फांसला. उरलेला रात्रभराच्या उकाड्यानें आंबला आणि सकाळीं कुत्र्यांना गेला. आतां दर मंगळवारीं गटाची बैठक भरते. ज्या आठवड्यांत सुताराला कामाचे पैसे हातीं आलेले नसतात, त्या मंगळवारीं त्याची बायको तेंच लेकरूं कडेवर घेऊन हप्त्यासाठीं उसने मागत हिंडते. मुलगा चालूं लागला आहे. दिवसभर बापाच्या रंध्याखालून निघणाऱ्या लांकडाच्या सालपांशीं खेळतो आणि खूष असतो. हप्ते मात्र अजून फिटलेले नाहींत.

आतां तो केक म्हणजे काय पदार्थ, हेंही एकदां पाहूं. मैदा, साखर, तेल आणि रंग. वर जो पांढरा मऊ थर असतो त्याला क्रीम म्हणतात. परंतु पुष्कळ बेकऱ्यांत तें दुधाचें नसतें. घट्ट केलेलें वनस्पति-तेल, पाणी आणि साखर फेंटून तो फेस केलेला असतो, आणि त्याच्या खोक्यावर ‘नॉन-डेअरी’ असें लिहिलेलें असतें, म्हणजे दुग्धशाळेशीं त्याचा संबंध नाहीं. आमचा शेतकरी सकाळीं म्हशीचें दूध डेअरीवर घालतो, फॅट कमी लागली म्हणून कमी भाव घेऊन खालीं मान घालून परत येतो, आणि संध्याकाळीं ज्यांत त्या दुधाचा थेंबही नाहीं असा तेलाचा फेस हजार रुपये किलोनें विकत आणतो! वरचा सिंह किंवा बाहुली ज्या फाँडंटची करतात, ती साखरेचीच कणीक असते. खाणारे पुष्कळदां ती सोलून बाजूला ठेवतात; तिचा उपयोग फोटोपुरता. साधा अर्धा किलोचा केक तालुक्याला अडीचशें-तीनशें रुपयांत मिळतो. त्याच्यावरचे सारे रुपये आपण पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठीं देतों.

वर्षाच्या लेकराला यांतलें कांहींच नको असतें. दोन वर्षांच्या आंतील मुलाच्या अन्नांत वरून साखर घालूं नये, असें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालच्या आपल्या आहार-मार्गदर्शिकेंत सांगितलें आहे. त्या वयाला हवें असतें मऊ वरण-भात, दुधांत कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचें बारीक कूट, पालेभाजी, आणि ज्यांच्या घरीं चालतें त्यांच्याकडे अंडें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील दर शंभर मुलांत ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. आणि सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या शंभरांत सुमारें ६९ मुलांच्या अंगांत रक्त कमी निघालें. हीं मुलें दूरच्या मुलखांतलीं नव्हेत. आपल्याच आळींत खेळणारीं आहेत. अंडें सात रुपयांना धरलें, तर साडेचार हजारांत ६४० अंडीं येतात. म्हणजे रोज एक याप्रमाणें पावणेदोन वर्षें! एका संध्याकाळचा सिंह कीं पावणेदोन वर्षांचें अंडें, हा हिशेब आईनेंच करावा. तिला तो आमच्यापेक्षां चांगला करतां येतो.

पण सुताराचें नुकसान त्याच्या घरापुरतें राहिलें असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. आषाढांत आळींतल्या कुंभाराची मुलगी वर्षाची झाली. पावसाळ्यांत भट्टी लागत नाहीं, चाक बंद, घरांत पैसा नाहीं. कुंभारीण आमच्या घरीं येऊन बसली आणि म्हणाली, “वहिनी, सुताराच्या पोराला चार किलोचा आला. माझ्या पोरीला कांहींच केलें नाहीं तर उद्यां ती म्हणेल, मुलगी म्हणून केलें नाहीं. डोरलें ठेवावें म्हणते.”

वाचकहो, या वाक्यांत सगळें आलें. चार किलोचा केक कापून सुतारानें नकळत आळीचा भाव ठरवून टाकला. सुताराचा भाव ठरवला त्याच्या मेहुण्यानें. मेहुण्याचा ठरवला गांवच्या ठेकेदारानें, ज्याच्या नातवाच्या वाढदिवसाला जिल्ह्याहून पांच मजली केक आला होता. ठेकेदाराला तो परवडला. त्याच्या कपाळाला आठी पडली नाहीं. पण तो भाव पायरी-पायरीनें खालीं उतरत कुंभारणीच्या गळ्यांतल्या डोरल्याशीं येऊन थांबला. ज्याच्याजवळ सर्वांत कमी, त्यालाच तो भाव सर्वांत जड. म्हणून काटकसरीचा उपदेश आम्ही कुंभारणीला करणार नाहीं. तो आम्ही ठेकेदाराला, पगारदाराला, बागाईतदाराला, सरपंचाला करतों. ज्याला परवडतें त्यानें आधीं हात आवरावा, म्हणजे ज्याला परवडत नाहीं त्याची मान ताठ राहील.

कुंभारणीला आमच्या घरच्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, “बाई, पोरीचा मान डोरल्यांत ठेवूं नकोस. आपण करूं.” रवा, गूळ आणि घरचें दूध घालून चुलीवरच्या पातेल्यांत केक झाला, वाटीएवढा नव्हे, चांगला परातभर. आजीनें औक्षण केलें. आळींतलीं सतरा-अठरा पोरें आलीं. कुंभारानें उन्हाळ्याच्या भट्टींतलीं उरलेलीं बोळकीं काढून प्रत्येक पोराच्या हातीं एकेक दिलें. लोक हंसले काय? दोघे-तिघे हंसले, आणि आठ दिवसांत विसरले. डोरलें गळ्यांतच राहिलें.

आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास लहान मुलांचें बोरन्हाण करतात. लेकराला पाटावर बसवून डोक्यावरून बोरें, चुरमुरे, शेंगा, ऊसाचे करवे ओततात आणि आळींतलीं पोरें तें वेंचायला धांवतात. तोही लेकराचाच कौतुकाचा दिवस. पण कोणाच्या बोरन्हाणांत किती किलो बोरें ओतलीं, हें आजवर कोणीं विचारलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. वाढदिवसालाही तसेंच करतां येईल.

आमचें सांगणें थोडक्यांत असें. केक हवा तर जरूर आणा. पण अर्ध्या किलोचा आणा आणि हातांतल्या रोख पैशांतून आणा. लेकराच्या नांवानें रोखा करूं नका, दागिना ठेवूं नका, गटाचें कर्ज उचलूं नका. मुलाला कराल तेंच मुलीला करा; चार आणे कमी नको आणि जास्त नको. केकावरची फुलबाजी आणि फवाऱ्याचा फेस घराबाहेरच ठेवा. त्या डब्यांतला वायु पेट घेतो, आणि ज्योत लेकराच्या तोंडाशीं असते. हातीं कांहीं उरलेंच तर लेकराच्या नांवावर टाका. दहा वर्षांच्या आंतील मुलीचें सुकन्या समृद्धीचें खातें पोस्टांत अडीचशें रुपयांत उघडतें. म्हणजे एका साध्या केकाच्या किमतींत तिच्या नांवाचें पुस्तक घरांत येतें.

आणि शेवटचें सांगणें ज्यांची परिस्थिति बरी आहे त्यांना. पुढल्या महिन्यांत आपल्या घरचें लेकरूं वर्षाचें होत असेल, तर पांच मजली केक आणण्याची ऐपत असतांना अर्ध्या किलोचा आणून दाखवा, आणि आळींतल्या सगळ्या पोरांना बोलवा. आपली ऐपत गांवाला आधींच ठाऊक आहे, ती केकावर लिहिण्याची जरूर नाहीं. आपण हात आवरलात, तर त्या रात्रीं आळींतल्या चार आया निश्चिंतपणें झोपतील.