रजा मिळेल, तास कोण घेणार?

कॅनडाने परत पाठवलेल्या ‘कोमागाता मारू’ जहाजाच्या प्रवाशांवर २९ सप्टेंबर १९१४ रोजी कोलकात्याजवळच्या बजबजला गोळीबार झाला. त्याचे दस्तऐवज दिल्ली, लंडन, व्हँकुव्हर येथे विखुरलेले आहेत. बजबजच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकाने ते धुंडाळायचे ठरवले, तर उन्हाळी सुटी पुरणार नाही. सॅबॅटिकल रजाच हवी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने ती देऊ केली: एका वेळी एक वर्ष, संपूर्ण सेवेत दोन वर्षे, तीही पूर्ण वेतनासह. मात्र अट सहयोगी प्राध्यापक वा प्राध्यापकपदावरील सात वर्षांच्या सेवेची. तिथवर पोहोचेपर्यंत निम्मी नोकरी सरते. शिवाय दोन-तीन शिक्षकांच्या विभागातून एक जण वर्षभर गेला, तर त्याचे तास कोण घेणार? अशा वेळी प्राचार्यांनी नकार दिला, तर तो आकसाचा नव्हे, वेळापत्रकाचा असतो.

बजबज असो वा बीड, दुखणे एकच. दिल्लीने नियम करायचा आणि बदली शिक्षकाची सोय महाविद्यालयावर सोडायची, हा व्यवहार रजेला कागदी ठरवतो. रजेसोबत बदली शिक्षकाचा निधीही मंजूर व्हावा. आणि परतलेल्या प्राध्यापकाने वर्षभराच्या कामाचा जाहीर हिशेब द्यावा.