पहिल्या जागेचा लिलाव

लग्नकार्य निघाले की सामान वाहणाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचा शोध हल्ली गूगलवर घेतला जातो, आणि जे नाव सर्वांत वर दिसते तेच सर्वांत चांगले, अशी आपली सहज समजूत होते. वास्तविक ती वरची जागा बहुधा लिलावात घेतलेली असते.

या लिलावाचा पाया १९९८ साली अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या 'गोटू' या शोधस्थळाने घातला. शब्दागणिक जो अधिक बोली लावील, त्याचे नाव वर. आणि कोणी त्यावर टिचकी मारली तरच पैसे द्यावयाचे. बोलीची रक्कमही तेथे उघड दिसे. गूगलने २००० साली आपली जाहिरातसेवा काढली. २००२ मध्ये तिने बोलीबरोबर लोक जाहिरातीवर किती टिचक्या मारतात हेही जमेस धरले. त्यामुळे नुसत्या पैशाच्या बळावर निरुपयोगी जाहिरात वर राहणे कठीण झाले, हे मान्य केले पाहिजे. मात्र बोलीचा आकडा ग्राहकाला दिसत नाही; दिसतो तो 'प्रायोजित' एवढाच लहानसा शब्द.

या स्पर्धेत दुसऱ्याच्या नावावरही बोली लावता येते. 'अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे नाव शोधणाऱ्यापुढे इतरांच्या जाहिराती येतात, ही तक्रार दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये खंडपीठाने निर्णय दिला, की असा वापर एवढ्यानेच व्यापारचिन्हाचा भंग ठरत नाही. पण ग्राहकाची दिशाभूल होत असेल, तर गूगललाही निव्वळ मध्यस्थ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

म्हणजे वर्षानुवर्षे सचोटीने नाव कमावलेल्या दुकानदारालाही त्याच नावासाठी बोली लावण्याची पाळी येऊ शकते. त्यातून लिलाव चालविणारी पेढी एकच बलाढ्य असली, तर दर कोण रोखणार? ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ठरविले, की गूगलने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकविली आणि स्पर्धेची धास्ती नसल्यामुळे तिला शोधातील जाहिरातींचे दर वाढविता आले. हा वाढीव खर्च अखेर मालाच्या किमतीत, म्हणजे आपल्याच घरखर्चात उतरतो.

इंदूर, बडोदे, बेळगाव येथील आपल्या कितीतरी भगिनी घरगुती फराळ आणि मसाले विकतात. मोठ्या पेढ्यांशी बोलीत बरोबरी करणे त्यांना झेपणारे नाही. म्हणून वाचकांना आमची विनंती आहे: ओळखीच्या विक्रेत्याचा पत्ता व दूरध्वनी वहीत टिपून ठेवावा आणि थेट त्यालाच विचारावे. शोधावेच लागले, तर 'प्रायोजित' नावे ओलांडून खाली पाहावे. आपल्याच माणसाच्या जाहिरातीवर सवयीने मारलेली टिचकीदेखील त्याच्या गल्ल्यातून पैसे काढून नेते, हे ध्यानी असू द्यावे.