परीक्षानळी : दहा मिनिटांचं भाषण आणि दोन दोऱ्या



गणपती गावाला गेले, मखर घडी होऊन पुन्हा खोक्यात गेलं आणि उरलेल्या मोदकांचा हिशेबही लागला. (मसालेभाताचं मोठं पातेलं अजून कोणाच्या तरी गराजमध्ये आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया कळवावे!) या खेपेला आम्ही कपड्यांवरचे डाग काढण्याबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. हळदीचा डाग उन्हात का उडतो ते पुढच्या अंकात नक्की सांगू. आज दुसराच एक डाग काढायचा आहे, आणि तो आमच्याच अंगावर पडला आहे.

गणेशोत्सवात आरती आणि जेवण यांच्या मधली दहा मिनिटं एका मुलीला दिली होती. मुलगी आपल्यातलीच. मंडळाच्या मराठी वर्गात 'न' आणि 'ण' मधला फरक तिला शिकवायचा प्रयत्न आम्हीच केला होता. (यश आलं नाही.) आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि घरात छळ सोसणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी चालणाऱ्या एका मदतकेंद्रात शनिवार-रविवार काम करते.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला वाटतं, तक्रार केली की आपलीच रवानगी होणार. नवऱ्याने तसं बजावलेलंही असतं. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये, बँकेचं खातं त्याच्या नावावर, तिला गाडी येत नाही, ओळखीचं कोणी नाही. नवरा नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असेल तर छळ झालेल्या बायकोला त्याच्या सहीवाचून स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. ही सोय १९९४ च्या कायद्याने झाली, पण ज्यांच्यासाठी झाली त्यांनाच ती ठाऊक नसते. एच-४ वाल्यांचं आणखी कठीण. २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींना नोकरीची परवानगी मिळू लागली, पण सगळ्यांना नाही.

तिला आपल्याकडून पैसे नको होते. मराठी बोलणारी माणसं हवी होती. फोनवर दुभाषाचं काम करायला, कोर्टात सोबत जायला, वेळप्रसंगी रात्री गाडीने कोणाला सोडायला. त्यासाठी दाराजवळच्या टेबलावर तिने एक कागद ठेवला होता. पेन पळू नये म्हणून ते दोऱ्याने बांधलंही होतं.

आता खरी गोष्ट. ती आजीची पैठणी नेसून आली होती. ब्लाऊज मात्र तिच्या पिढीचा, पाठीवर नुसत्या दोन दोऱ्या.

चहाच्या रांगेत परिसंवाद सुरू झाला. "गणपतीसमोर असं?" "आई काही बोलत नाही का हिला?" दुसऱ्या टोकाला तरुण मंडळी. त्यांचं म्हणणं, बायकांच्या स्वातंत्र्यावर बोलायचं तर साडी कशाला, सरळ पँट-जाकीट घालून यायचं. म्हणजे एका गटाला कपडे कमी पडले, दुसऱ्याला जास्त झाले. चर्चा चहापासून थेट पार्किंग लॉटपर्यंत चालली. तीत एक वाक्य असं होतं : "बोलली छान गं, पण खांद्यावरून पदर घेतला असता तर लोकांनी ऐकलं तरी असतं." हे वाक्य आमचं. चष्म्यावरून बघत, फार शहाण्यासारखं म्हटलेलं.

घरी जाताना गाडीत मागच्या सीटवरून आमच्या दहा वर्षांच्या कन्येने विचारलं, "आई, त्या ताईने फोन नंबर कुठला सांगितला? माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईसाठी हवाय." पुढे आम्ही दोघंही गप्प. दोऱ्यांचा रंग विचारला असता तर सांगता आला असता, मोरपंखी होता. नंबर नाही. (दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंशी बोललो. त्यापुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.)

कागदावर शेवटी दोन नावं आली. एक त्या मुलीच्या आईचं. दुसरं एका आजींचं, आणि त्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या. महिन्याभरात परत पुण्याला जाणार.

क्षमा मागायला म्हणून आम्ही मुलीला फोन केला. ती हसली. म्हणाली, "मावशी, चालायचंच. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी एमा वॉटसन केलीत!"

ही एमा वॉटसन म्हणजे हॅरी पॉटरमधली हर्मायनी, एवढंच आम्हाला माहीत होतं. मग कन्येच्या आणि ग्रंथालयाच्या मदतीने अभ्यास केला. २००१ ते २०११ या काळात आठ चित्रपटांत काम करून ही मुलगी मोठी झाली. २०१४ मध्ये तिने ब्राउन विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. त्याच वर्षी जुलैत संयुक्त राष्ट्रसंघाच्या महिला विभागाने तिला सदिच्छादूत नेमलं, आणि २० सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या मुख्यालयात 'ही फॉर शी' मोहिमेसाठी तिने भाषण केलं. वय २४. स्त्रीवाद म्हणजे पुरुषांचा द्वेष हा समज संपला पाहिजे, आणि पुरुषांनीही या कामात यावं, असा तिचा मुद्दा. चौदाव्या वर्षापासून काही वर्तमानपत्रं आपल्याकडे कोणत्या नजरेने बघू लागली, हेही तिने त्याच व्यासपीठावरून सांगितलं.

पुढे २०१७ मध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट' आला. त्यात नायिकेच्या पोशाखाखाली कमर आवळणारा कॉर्सेट घालायला तिने नकार दिला होता. पण गाजलं ते दुसरंच. चित्रपटाच्या निमित्ताने 'व्हॅनिटी फेअर' मासिकात तिचे फोटो आले. एकात अंगावर पांढरी जाळीदार तोकडी केप, आणि छातीचा बराच भाग उघडा. झालं! ब्रिटनमधल्या एका निवेदिकेने टोमणा मारला : एकीकडे समान वेतनाची भाषा, दुसरीकडे हे. एमाने उत्तर दिलं की स्त्रीवाद म्हणजे स्त्रीला निवडीचा हक्क देणं, दुसऱ्या बायकांना झोडपायची ती काठी नव्हे.

गंमत पुढे आहे. लोकांनी तिची २०१४ सालची एक मुलाखत उकरून काढली. गायिका बियॉन्सेच्या व्हिडिओंबद्दल तिने त्यात म्हटलं होतं की ते पुरुषाच्या नजरेने टिपल्यासारखे वाटतात आणि त्यामुळे आपलं मन द्विधा होतं. एमाने मग त्या मुलाखतीचा पुढचा भाग दाखवला, त्यात बियॉन्सेचं कौतुकही होतं. पण आम्हाला यात थोडा दिलासा मिळाला. दुसरीच्या कपड्यांवर अडखळण्याची खोड फक्त आपल्या चहाच्या रांगेत नाही, राष्ट्रसंघाच्या सदिच्छादूतालाही ती आहे.

आता दुसरी बाजू. "माझी निवड" म्हटलं की सगळे प्रश्न मिटतात, असं आम्हाला वाटत नाही. त्या फोटोने चित्रपट विकायचा होता, मासिक विकायचं होतं. २०१६ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये डिओर कंपनीने 'आपण सगळ्यांनी स्त्रीवादी व्हावं' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं छापलेला टी-शर्ट रंगमंचावर आणला. पुढे त्याची किंमत लागली ७१० डॉलर. आणि २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळून ११३४ माणसं गेली, त्यांत बहुतेक कपडे शिवणाऱ्या बायका होत्या. कपड्यांवरून स्त्रीवादाची चर्चा करायचीच असेल तर ते कोणी, किती पगारात आणि कसल्या छपराखाली शिवले, तिथून ती सुरू करता येईल. दोऱ्या किती, हा प्रश्न त्या यादीत फार खाली येतो.

ही खोड जुनी आहे. १८५१ साली आपल्या शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात, सेनेका फॉल्सला, एलिझाबेथ केडी स्टँटन आणि त्यांच्या मैत्रिणींनी जमिनीवर लोळणारे जड घागरे सोडून आखूड घागरा आणि खाली सैल विजार घालायला सुरुवात केली. अमेलिया ब्लूमर यांनी आपल्या 'द लिली' या पत्रातून त्याचा पुरस्कार केला, म्हणून नाव पडलं ब्लूमर. कडेवर मूल आणि हातात दिवा घेऊन जिना चढता येतो, याचंच स्टँटनबाईंना अप्रूप. पण रस्त्यात पोरं ओरडत, वर्तमानपत्रं चित्रं काढत, आणि सभेत लोक मताच्या हक्काचं भाषण ऐकण्याऐवजी विजार बघत. दोन-तीन वर्षांत बाईंनी तो वेश सोडला. सोयीचा नव्हता म्हणून नव्हे, तर मुद्दा ऐकूच जाईना म्हणून. पुढे त्या न्यू जर्सीतच, टेनफ्लायला राहिल्या. देशभरच्या बायकांच्या मतदानाची घटनादुरुस्ती झाली १९२० मध्ये. स्टँटनबाई १९०२ मध्येच गेल्या होत्या.

आणि आपल्या आनंदीबाई जोशी? फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला १८८५ चा तो फोटो आपण मंडळाच्या स्मरणिकेतही छापला होता. आनंदीबाई साडीत, जपानची केई ओकामी किमोनोत, सीरियाची तिसरी विद्यार्थिनी तिच्या देशी पोशाखात. आपण कौतुकाने साडी बघतो. आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर, हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिविद्येबद्दल, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आम्हाला येत नव्हतं, आणि आम्ही नावापुढे डॉक्टर लावतो!

मग कपड्यांना काहीच नियम नसावा का? आमच्या प्रयोगशाळेत आहे, आणि कडक आहे. लॅब कोट, बंद बूट, केस बांधलेले, ओढणी लोंबायची नाही. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमधल्या एका विद्यापीठात प्रयोग करताना एका तरुण संशोधिकेच्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. अंगात लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. त्यामुळे या नियमावर कोणी वाद घालत नाही. त्याला कारण आहे, आणि बाई असो की बाप्या, तो सगळ्यांना सारखा आहे. मंडळाने असा नियम जरूर करावा. फक्त आरतीला बर्म्युडा घालून आलेले तीन बाप्ये आम्ही स्वतः मोजले होते. त्यांच्या पिंढऱ्यांवर चहाच्या रांगेत अवाक्षर निघालं नाही.

प्रसिद्ध माणसांच्या चळवळीबद्दल शंका घ्यावी, अवश्य घ्यावी. पण कॅमेरा गेल्यावर मागे काय उरलं ते बघून घ्यावी. जानेवारी २०१८ च्या गोल्डन ग्लोब समारंभात छळाच्या निषेधार्थ बहुतेक नट्या काळे कपडे घालून आल्या. लोक कपडेच बघणार, तर त्यातूनच सांगू, असा तो हिशेब. एमा वॉटसनने त्या रात्री आपल्याबरोबर माराई लरासी यांना नेलं. बायकांवरच्या अत्याचारांविरुद्ध ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या बाई. पुढच्या महिन्यात तिथल्या अशा कामांसाठीच्या निधीला तिने १० लाख पौंड दिले. २०१९ मध्ये कामाच्या जागी छळ होणाऱ्या इंग्लंड-वेल्समधल्या बायकांसाठी फुकट कायदेशीर सल्ल्याची फोनलाईन सुरू झाली, तिच्यामागेही तिचा हात होता. आम्ही ओळखीच्या सात-आठ घरांत विचारलं. केपचा फोटो चौघींना आठवला. फोनलाईन एकीलाही नाही.

लिटमस कागद आम्ल की अल्क एवढंच सांगतो. नळीत औषध आहे की विष, ते त्याला कळत नाही. कपड्यांवरून बाई पारखणं हे तसंच. आम्ही पीएच. डी. करून तीच चूक केली, म्हणून हा लेख.

तेव्हा मंडळी, दिवाळीच्या कार्यक्रमात तो कागद पुन्हा दाराजवळ असेल. पहिलं नाव आमचं आहे, दुसरं आमच्या ह्यांचं. शनिवारी रात्री गाडी न्यायचं त्यांनी कबूल केलंय. मुलीला पुन्हा दहा मिनिटं द्यावीत अशी आम्ही कार्यकारिणीला विनंती केली, ती मान्य झाली आहे. काय नेसायचं ते तिचं ती ठरवेल.

आणि जो नंबर आम्हाला गाडीत आठवला नाही, तो हा : १-८००-७९९-७२३३. घरातल्या छळाबाबतची ही राष्ट्रीय फोनलाईन १९९६ पासून आहे, अहोरात्र चालते, आणि इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागता येतो. हा भाग कापून फ्रिजवर लावा. तुम्हाला लागू नये, पण तुमच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलेल्या कोणाला तरी लागेल.

पातेल्याचं विसरू नका. कळावे, लोभ असावा.